फ्लायव्हीलला जेबी वेल्ड? चिकटवाचिकटवी, बुलेट आणि टायमिंगची तपासणी

खटारा३५०

नमस्कार मंडळी. घरी कास्ट आयर्न इंजिनाची पॉइंटवाली (ठिणगीसाठी उघडमीट होणारे कॉन्टॅक्ट असलेली) ३५० बुलेट आहे. वडिलांनी घेतलेली, आता माझ्या गळ्यात. शिवाय भाच्याची सीडीआयवाली (इलेक्ट्रॉनिक इग्निशनची) १०० सीसी गाडी. दोघींचं मिळून पार्किंगमध्ये वर्कशॉप थाटलंय. तीन प्रश्न आहेत, तिन्हींचा संबंध चिकटवण्याशी आहे, म्हणून एकच धागा काढतोय.

एक. बुलेट हल्ली किक उलटी मारते. मेकॅनिक टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) 'कानाने' लावून देतो आणि दोन आठवड्यांत पहिले पाढे पंचावन्न. म्हणून एकदा नीट अंश मोजायचे ठरवलंय. कागदावर ३६० अंशांची चकती छापून जुन्या सीडीवर लावली आहे. ती क्रँकच्या टोकाला कशाने चिकटवू?

दोन. भाच्याने कुठला तरी व्हिडिओ पाहिलाय. फ्लायव्हीलवर बाहेरून जो लोखंडी उंचवटा असतो (पिकअप कॉइलला ठिणगीचा सिग्नल देणारा), त्याच्या पुढे पत्र्याचा तुकडा चिकटवायचा, की टायमिंग ॲडव्हान्स होतं (ठिणगी लवकर पडते) आणि गाडी 'उडते'. साहेबांनी त्यासाठी जेबी वेल्ड मागवूनही ठेवलंय.

तीन. त्याच गाडीच्या साइड पॅनेलची खुंटी तुटली आहे. फेव्हिक्विकने चिकटते आणि पहिल्याच खड्ड्यात निघते.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

घाटरस्ता

वाचतोय. भाच्याला आधी हेल्मेट घेऊन द्या, पार्किंगमध्ये बसताना घालायला.

---

केमिकल_लोचा

इंजिनातलं मला कळत नाही, पण चिकटपदार्थांशी रोजचा संबंध आहे, म्हणून तेवढंच लिहिते. लोक सगळ्याला 'गम' म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. तुमच्या तीन प्रश्नांत तीन वेगवेगळी रसायनं लागतात.

फेव्हिक्विक म्हणजे सायनोॲक्रिलेट. ते वाळत नाही, पृष्ठभागावरच्या ओलाव्याने त्याची साखळी तयार होते. त्यामुळे पावसाळ्यात ते पटकन धरतं आणि थर जाड झाला की आतून कच्चंच राहतं. दोन तुकड्यांत फट असेल तर ते कामाचं नाही. ताण सरळ ओढून दिला तर चांगलं टिकतं, पण धक्का बसला किंवा कडेने सोललं गेलं की काचेसारखं तडकतं. साधं सायनोॲक्रिलेट ८० अंश सेल्सिअसच्या आसपास ढेपाळतं. स्पीडोमीटरच्या काचेजवळ वापरू नका, त्याची वाफ आजूबाजूला बसून पांढरट डाग पडतात. आणि सुती हातमोजे किंवा चिंधी त्यात भिजली तर ती इतकी तापते की कातडी भाजते. हे गंमत म्हणून सांगत नाहीये.

ॲराल्डाइट, एम-सील, जेबी वेल्ड हे सगळे इपॉक्सी. रेझिन आणि हार्डनर मिसळायचं. प्रमाण डोळ्यांनी न ठरवता पाकिटावर लिहिलंय तसं घ्या, 'हार्डनर जास्त घातला की लवकर वाळतो' हा गैरसमज आहे. जास्तीचा हार्डनर तसाच चिकट राहतो. साधं घरगुती इपॉक्सी थंड असताना दणकट, पण साठ-सत्तर अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं. धातूची भुकटी घातलेलं जेबी वेल्ड यात वेगळं, बनवणारे त्याची कमाल मर्यादा ५५० फॅरनहाइट म्हणजे सुमारे २८७ सेल्सिअस सांगतात. पण ही मर्यादा नुसत्या उष्णतेची आहे. उष्णता, ऑइल, थरथर आणि ओढ हे सगळं एकदम आलं तर काय, ते त्या आकड्यात नाही.

तिसरा प्रकार थ्रेडलॉकर, निळं नि लाल मिळतं ते. हे हवा असली की द्रव राहतं, आणि हवा बंद होऊन धातूचा स्पर्श झाला की घट्ट होतं. म्हणूनच त्याची बाटली कधी काठोकाठ भरलेली नसते, आत हवा लागते. प्लॅस्टिकवर चुकूनही लावू नका, कित्येक प्लॅस्टिकना त्याने बारीक तडे जातात.

---

जुनाजावा

+१. ताई, बाटली अर्धी का असते हे इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी दुकानदारालाच शिव्या घालत होतो.

---

उद्यमनगरी

भावा, आधी भाच्याच्या हातातलं ते जेबी वेल्ड काढून घे, मग पुढचं बोलू. फिरणाऱ्या भागावर भायरनं काय बी चिकटवायचं नाही. विषय संपला. कारण खाली कुणी तरी गणित मांडून सांगतीलच.

आता बुलेट. सीडी क्रँकला चिकटवायची गरजच नाही. डाव्या बाजूचं प्रायमरी कव्हर काढ. त्याला मधोमध एकच मोठा नट असतोय, पण आधी फूटरेस्ट आणि ब्रेक पेडल काढावं लागतंय, आणि खाली ट्रे ठेव, ऑइल येणार. आत आल्टरनेटरचा रोटर आणि त्याचा नट दिसतोय. त्या नटाच्या मापाची एक जुनी गोटी (सॉकेट पाना) घे. सीडी त्या गोटीला ॲराल्डाइटनं चिकटव. रात्रभर ठेव. सकाळी गोटी नटावर दाबून बसवायची, ढिली वाटली तर मधी कागदाची पट्टी. इंजिनाला गमचा थेंब लागत नाही आणि काम झालं की चकती गोटीसकट कपाटात.

एक बारीक गोष्ट. सीडीची छापील बाजू गोटीला चिकटवू नको. त्या बाजूचा चंदेरी पापुद्रा सोलून निघतोय आणि सगळं वर्तुळ हलतंय. पारदर्शक बाजू पॉलिश पेपरनं खरवडून तिकडनं चिकटव, अंशांचा कागद छापील बाजूला. काटा म्हणून जाड तांब्याची तार, केसच्या कुठल्याही स्क्रूखाली दाबून. सीडीचा व्यास १२० मिलिमीटर, म्हणजे कडेला एक अंश एक मिलिमीटरहून जरासा जास्त येतो. डोळ्यांना वाचायला भरपूर.

इंजिन गोटीनं फिरवू नको, चकती सरकेल. प्लग काढ, टॉप गिअर टाक आणि मागचं चाक हातानं फिरव.

---

तिसरा_पिस्टन

गणिताची सुपारी आलीच आहे तर घेतो.

समजा तुकडा फक्त १० ग्रॅमचा आहे आणि फ्लायव्हीलच्या मध्यापासून ५ सेंटिमीटरवर आहे. आयडलिंगला, १२०० आरपीएमला, तो बाहेरच्या दिशेने साधारण ८०० ग्रॅम वजनाइतका ओढला जातो. काहीच नाही. पण ही ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. ८००० आरपीएमला तोच १० ग्रॅमचा तुकडा जवळजवळ ३६ किलोने ओढला जातो. जवळजवळ पावणेसातपट वेग नाही का, मग चौवेचाळीसपट ओढ. म्हणजे पार्किंगमध्ये उभ्या गाडीवर हा प्रयोग हमखास यशस्वी होणार आणि भाचा हायवेला लागला की निकाल लागणार. सुटलेला तुकडा जाणार कुठे? फ्लायव्हील आणि पिकअप कॉइल यांच्यात मिलिमीटरभरही फट नसते.

---

जुगाडू

उगीच घाबरवताय राव. चांगल्या इपॉक्सीचा एक चौरस सेंटिमीटरचा जोड १०० किलो सहज पेलतो, तुमचे ३६ किलो कुठे लागले? आणि कंपन्या स्वतः फ्लायव्हीलच्या आत मॅग्नेट चिकटवूनच देतात की. ते नाही उडत ते?

---

तिसरा_पिस्टन

प्रश्न चांगला आहे, म्हणून सविस्तर.

मॅग्नेट फ्लायव्हीलच्या आतल्या बाजूला असतात. फ्लायव्हील वाटीसारखं असतं, मॅग्नेट तिच्या भिंतीला आतून टेकलेले. वेग वाढला की ते भिंतीवर आणखी दाबले जातात. चिकटपदार्थाला ओढ झेलावीच लागत नाही, फक्त मॅग्नेट जागेवरून सरकू नयेत एवढं बघायचं. तरीही जुन्या गाड्यांत गम म्हातारा होऊन मॅग्नेट सुटतात आणि स्टेटर खरवडतात, ते वेगळंच. तुमचा तुकडा बाहेरच्या बाजूला आहे. तिथे सगळा भार चिकटपदार्थावर, आणि तोही सोलणारा.

१०० किलोचा आकडा स्वच्छ, खरवडलेल्या, थंड धातूवर सरळ सरकवण्याचा आहे. केमिकल_लोचा ताईंनी वर लिहिलंच आहे: उष्णता, ऑइल, थरथर. पंक्चरच्या टायरवर 'ट्यूब नवी आहे' म्हणून मुंबई-गोवा करणाऱ्यातला हा हिशोब झाला.

आणि समजा तुकडा टिकला, तरी त्याने टायमिंग तुम्हाला वाटतं तसं बदलत नाही. उंचवटा पिकअपसमोर येताना एक पल्स देतो आणि जाताना उलट दिशेची दुसरी. बऱ्याच डिजिटल सीडीआय या दोन्ही कडा वापरतात. एका कडेला तुकडा लावला म्हणजे फक्त एक कडा पुढे सरकते, उंचवटा लांब होतो आणि सीडीआयचा हिशोबच बिघडतो. स्टार्टिंगला वेगळं टायमिंग, वरच्या आरपीएमला वेगळं. भाच्याला वाटणार गाडी उडते आहे.

---

जुगाडू

मॅग्नेट आतून दाबले जातात हा मुद्दा डोक्यात आला नव्हता. मान्य. माझा प्रतिसाद काढून टाकत नाही, राहू दे, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

---

खटारा३५०

भाच्याला धागा वाचायला दिला. त्याचं म्हणणं, "मग ॲडव्हान्स करून बघायचं कसं ते सांगा." निरुत्साही करायचं नाही म्हणून विचारतोय.

---

तिसरा_पिस्टन

उंचवटा हलवायचा नाही, पिकअप हलवायचा. तो दोन बोल्टवर बसलेला असतो. त्याच्या पट्टीची भोकं कानसने लांबट करा, म्हणजे पट्टी पुढेमागे सरकेल. फ्लायव्हीलची त्रिज्या ५० मिलिमीटर धरली तर एक अंश म्हणजे ०.८७ मिलिमीटर. १ मिलिमीटर सरकवलं की सव्वा अंशाच्या आत. दोन-तीन अंशांपलीकडे जायचं नाही. मूळ जागेवर आधी टोकदार सुईने रेघ मारून ठेवा. बोल्टना निळं थ्रेडलॉकर एक थेंब, लाल नको. लाल सोडवायला बोल्ट अडीचशे अंशांपर्यंत तापवावा लागतो, शेजारी कॉइलचं प्लॅस्टिक आहे. पिकअप फिरण्याच्या उलट दिशेने, म्हणजे येणाऱ्या उंचवट्याला सामोरा नेला तर ॲडव्हान्स, फिरण्याच्याच दिशेने नेला तर रिटार्ड (ठिणगी उशिरा).

परिणाम स्ट्रोबने बघा. हाय टेन्शन वायरला चिमटा लावायचा, टायमिंगच्या खिडकीतून दिवा मारायचा, ठिणगीच्या क्षणी खूण थांबलेली दिसते. फ्लायव्हीलवरच्या रेघेला व्हाइटनरचा बारीक पट्टा ओढा, झकास दिसतो. वजन काही नाही, आणि उडाला तरी धूळ.

चढावर मोठ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दिल्यावर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला तर ते नॉकिंग. लगेच मागे घ्या. पिस्टनचं डोकं वितळायला फार वेळ लागत नाही. उलट फार रिटार्ड झालं तर इंजिन तापतं आणि सायलेन्सरमध्ये फटाके.

आणि खरं सांगू का? १०० सीसीच्या मूळ सेटिंगमधून यात फार काही हाती लागणार नाही. शिकायला म्हणून करा.

---

प्राजक्ता_म

कायद्याचं तेवढं: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए(४) प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. टायमिंग कुणी रस्त्यात तपासत नाही हे खरं, पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर सगळं बघतो.

आता पॅनेल, कारण ते माझं खातं. पॅनेल काढून आतल्या बाजूला बघा. बाणांच्या कंसात बारीक अक्षरं असतात. एबीएस (प्लॅस्टिकचा एक प्रकार) असेल तर सोपं. त्याच प्लॅस्टिकचे बारीक तुकडे काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, मधासारखी लापशी होते. खुंटीच्या दोन्ही तोंडांना लावा, दाबून धरा, ॲसिटोन उडून गेलं की ते प्लॅस्टिक एकजीव झालेलं असतं. हे चिकटवणं नाहीच, ती वेल्डिंगच. आतून स्टीलच्या जाळीचा तुकडा सोल्डरिंग गनने दाबून बसवला तर आणखी पक्कं. गॅस, विडी-सिगारेट लांब, आणि खिडकी उघडी.

पीपी लिहिलेलं असेल तर ॲसिटोन, फेव्हिक्विक, ॲराल्डाइट, सगळं वाया. पॉलिप्रॉपिलीनला साधं काही धरत नाही. बहुतेक मडगार्ड याचीच असतात. तिथे प्लॅस्टिक वेल्डिंगवाल्याकडे जा किंवा आतून पट्टी लावून रिव्हेट मारा.

---

घाटरस्ता

अवांतर: बाणांच्या कंसातली अक्षरं बघायला घरातल्या सगळ्या बादल्या उलट्या करून झाल्या. बायको विचारतेय काय हरवलंय.

---

उद्यमनगरी

हसून हसून पुरेवाट.

बरं, बुलेटची पुढची गोष्ट, कारण नुसती चकती लावून भागत नाही. चकतीचा शून्य खऱ्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर पोचतो ती जागा) आहे हे आधी ठरवायला लागतंय. सगळे प्लगच्या भोकातून सायकलचा स्पोक घालतात आणि तो वर यायचा थांबला की 'आला टीडीसी' म्हणतात. पिस्टन वर पोचला की बराच वेळ तिथंच रेंगाळतोय, क्रँक फिरतोय तरी स्पोक हलत नाही. शिवाय बुलेटचा प्लग तिरका, स्पोक कलतो, अडकतो.

बरोबर पद्धत अशी. जुन्या प्लगमधली चिनी माती फोडून काढ, त्यात बोल्ट पक्का बसव, पिस्टनला अडेल एवढा पुढं. हा बोल्ट वेल्ड करून किंवा आट्यांवर बसव, इथं गम नको, आत पडला तर पंचाईत. आता चाक हळू पुढं फिरव, पिस्टन बोल्टला टेकला की चकतीवरचा आकडा लिहून घे. मग उलटं फिरव, दुसऱ्या बाजूनं टेकला की दुसरा आकडा. दोन्हींच्या मधोमध खरा टीडीसी. जोर लावायचा नाही, टेकला की थांबायचं. प्लगचं भोक आता बंद आहे, म्हणून डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधली दाबलेली हवा सोडणारा खटका) ओढून धर.

मग बोल्ट काढ. कॉम्प्रेशनचा टीडीसी आहे का बघ: टॅपेटचं झाकण उघड, दोन्ही पुशरॉड बोटांनी गरागरा फिरले पाहिजेत. पॉइंटची फट आधी लाव, ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, मग टायमिंग. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग आपोआप ॲडव्हान्स. उलट्या क्रमानं केलं तर सगळं पाण्यात.

टायमिंग टीडीसीच्या आधी ०.८ मिलिमीटर, ते बी ॲडव्हान्सची वजनं (वेग वाढला की टायमिंग पुढं नेणारी) पूर्ण मिटलेली असताना. ९० मिलिमीटरच्या स्ट्रोकला हे अंशात दहाच्या आसपास पडतंय. आणि चाक नेहमी चालत्या दिशेनंच फिरवत टायमिंगवर यायचं, नाही तर गिअरमधला ढिलेपणा फसवतोय.

पॉइंट कधी उघडले हे बघायला दिवा नको. इग्निशन चालू कर आणि अँमीटर बघ. पॉइंट मिटलेले असताना काटा जरा डावीकडं असतोय, उघडले की टक्कन मध्यावर. किंवा सिगारेटचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरून हलका ओढत रहा, सुटला की उघडले.

---

जुनाजावा

सिगारेटचा कागद! आमच्याकडे जावालाही हेच करायचे. दुकानात नुसता कागद मागितला तर दुकानदार वेगळ्याच नजरेने बघतो हल्ली.

---

विलायती_पाना

स्टुटगार्टहून. इकडे असले बदल ट्यूफच्या (वाहनांच्या अधिकृत) तपासणीत नोंदवून घ्यावे लागतात, त्यामुळे प्रयोग गॅरेजमध्येच राहतात. गोटीवर सीडी ही युक्ती मात्र उचलतोय.

एक शंका: चकती गोटीवर मध्यात बसली नाही तर? थोडी तिरपी चिकटली तर आकडे चुकणार ना?

---

तिसरा_पिस्टन

सीडीचं भोक १५ मिलिमीटर. गोटीच्या मागच्या चौकोनी तोंडात एक बुच किंवा लाकडाची खुंटी बसवून ती भोकात बेतशीर घालायची, वाळेपर्यंत सीडी मध्यात राहते. तरी मिलिमीटरभर इकडेतिकडे झालं तर एखाद्या अंशाची चूक येते. खटारांच्या कामाला ती चालेल.

---

खटारा३५०

झालं एकदाचं. उद्यमनगरींच्या पद्धतीने शब्दशः केलं.

पिस्टन एका बाजूने ४१ वर टेकला आणि दुसऱ्या बाजूने ३५ वर, म्हणजे मी स्पोकने ठरवलेला शून्य तीन अंशांनी सरकलेला होता. तो दुरुस्त करून अँमीटर बघत चाक फिरवलं. काटा हलला तो १८ अंशांवर! पॉइंटची फट बघितली तर फीलर गेजचं ०.५५ चं पातं आरामात जात होतं. मेकॅनिक फट अंगठ्याच्या नखाने लावतो हे डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळे आश्चर्य वाटलं नाही. फट ०.३८ वर आणली तेव्हाच टायमिंग बरंचसं मागे आलं, राहिलेलं स्क्रू ढिले करून. आता दहावर आहे. ॲडव्हान्सच्या एका वजनाची स्प्रिंगही लुळी पडली होती, नाना पेठेतून जोडी आणली.

आता किक उलटी येत नाही, आणि आयडलिंगला प्रत्येक ठोका वेगळा मोजता येतो.

पॅनेल एबीएसचं निघालं. लापशीने जोडलंय, खुंटी धरून पॅनेल उचललं तरी हलत नाही. भाचा पिकअपची पट्टी कानसत बसलाय, मूळ जागेची रेघ मी स्वतः मारून घेतली.

आता उरलेला प्रश्न. बुलेटच्या टाकीला खाली शिवणीत पेट्रोल पाझरतंय. सध्या एम-सील थापलंय. कायमचं काय करू?

---

केमिकल_लोचा

अभिनंदन. एम-सील तात्पुरतंच समजा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये कित्येक इपॉक्सी हळूहळू फुगून मऊ पडतात, आणि सुटलेला चुरा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जातो.

---

उद्यमनगरी

पितळी वेल्डिंग करून घे. आणि टाकी रिकामी केली, दोन दिवस उन्हात ठेवली म्हणून ती रिकामी झाली असं समजू नको, आत वाफ राहतीच. तोटी काढ, साबणाच्या गरम पाण्यानं धू, मग शिवण वर येईल अशी उलटी करून पाण्यानं भर, जोडायच्या जागेखाली बोटभर मोकळं ठेवून. असं करून देणाऱ्या कारागिराकडंच दे. जो म्हणेल "काय होत नाही, आणा तशीच", त्याच्या दुकानापुढनं गाडी ढकलत पुढं ने.